रेखाच्या गाडीचा स्विच

दत्तप्रसाद आरोंदेकर इथे परदेशात, वेरिबीत, आमच्या समोरच्या घरात राहतो. मी मुलीकडे, रस्त्याकडच्या खोलीत. माझ्या खिडकीतून त्याचा ड्राइव्हवे आणि त्यात उभी असलेली पांढरी गाडी सरळ दिसते. गाडी जपानी बनावटीची, १९९९ सालची. ती त्याच्या बायकोची, रेखाची.

बुधवार, १४ जून २०२३ च्या सकाळी रेखा त्या गाडीत वारली.

दत्तप्रसाद रात्रपाळी करून सव्वासातला घरी आला तेव्हा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होती. कामाचा युनिफॉर्म अंगावर नव्हता. गाउनवर नवऱ्याचं जाड जॅकेट, पायांत घरातल्या सपाता. शेजारच्या सीटवर पर्स, आणि पर्समधून काढून वर ठेवलेलं मेडिकेअरचं कार्ड. म्हणजे ती कामावर निघाली नव्हती, हॉस्पिटलला निघाली होती. चावी भोकात होती आणि फिरवलेली होती. इंजिन बंद. रेडिओ मात्र चालू होता.

हृदयविकाराचा मोठा झटका, असं डॉक्टर म्हणाले. काही मिनिटांत सगळं संपलं असणार, वेळेवर आल्या असत्या तरी फारसं काही करता आलं नसतं. ते 'फारसं' दत्तप्रसादने उचललं आणि चौदा महिने बाळगलं.

त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि भीतीही तिचीच होती. गाडी सुरू करण्याआधीच रेखा गेली, की तिने इंजिन सुरू केलं आणि ते सुरूच राहिलं नाही? पहिलं असेल तर दैव. दुसरं असेल तर तो स्वतः. कारण त्या गाडीचा चावीमागचा स्विच कित्येक महिने त्रास देत होता, रेखाने तीनदा सांगितलं होतं की मेकॅनिकला दाखवा, आणि तिन्ही वेळा त्याने त्यात खोबरेल घातलं होतं.

उत्तराचा अर्धा भाग त्या स्विचमध्ये होता. उरलेला अर्धा माझ्याकडे होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

दत्तप्रसाद मूळचा सावंतवाडीकडचा. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे सायकलची साखळी, शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, कडीकुलपं, सगळ्यांना एकच औषध, घाण्यावरचं खोबरेल. डिप्लोमा करून तो पुण्याला भोसरीच्या एका कारखान्यात लागला आणि २००७ साली बायको आणि सात वर्षांच्या मुलीला, मितालीला, घेऊन इथे आला. लॅव्हर्टनला दुधाच्या पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे यंत्रांना कुठलं वंगण घालायचं याचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात आणि ते तो अक्षरशः पाळतो. घरी आला की मात्र वडिलांच्या दुकानात परततो. दर दोन वर्षांनी चुलत भावाच्या घाण्यावरचं तेल कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणतो. इथल्या जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ते तेल बाटलीत पांढरं, तुपासारखं घट्ट होतं. मग तो बाटली खिडकीत उन्हाला ठेवतो, पातळ झालं की वापरतो. पातळ होऊन आत गेलेलं तेल आत जाऊन पुन्हा घट्ट होईल, हे एवढ्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही. कोकणात तेल कधी घट्ट होतच नाही.

रेखा त्याला हसायची. "अहो, देवळातल्या समईलासुद्धा एवढं तेल लागत नाही," असं मी तिला माझ्यासमोर म्हणताना ऐकलेलं आहे. पण घरातली कुठलीही दुरुस्ती दोघं मिळूनच करायची. तो हातात पाना घेऊन खाली वाकलेला, ती कागद घेऊन शेजारी. ती सूचना वाचायची, त्याचं ते काम झालं की तो "पुढे" म्हणायचा. कधीकधी ती म्हणायची, "थांबा, अजून कॉमाच आलाय." वॉशिंग मशीन, गॅरेजचं दार, मितालीचा लॅपटॉप, सगळं असंच दुरुस्त झालेलं.

ती वृद्धाश्रमात नोकरीला होती. दिवसभर दुसऱ्यांसाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची. स्वतःच्या दारात ती येणं म्हणजे गल्लीभर तमाशा, असं तिचं मत होतं. हेही तिने मलाच सांगितलं होतं.

ती गेल्यावर गाडी तिथेच उभी राहिली. दत्तप्रसाद दर रविवारी ती धुवायचा आणि दुपारी, काचेतून ऊन येऊन आतलं सगळं कोमट झालं की, पंधरा मिनिटं सुरू ठेवायचा. दुपारी ती व्यवस्थित सुरू व्हायची. थंड सकाळी त्याने ती कधीच सुरू करून पाहिली नाही. चौदा महिन्यांत एकदाही नाही. मी लक्ष ठेवून होते.

आणि मग तो रेडिओ. कडक थंडीच्या सकाळी, चावी घरात खुंटीला असताना, गाडीतला रेडिओ आपोआप लागायचा. बंद काचांमागे एक पुरुष रस्त्यांवरच्या गर्दीच्या बातम्या सांगत असायचा. आमच्या गल्लीतली कुत्री भुंकायची नाहीत, कोणी बाहेर यायचं नाही. मी खिडकीत उभी राहून ऐकायची. थोड्या वेळाने दत्तप्रसाद बाहेर यायचा, गाडीजवळ जायचा, पण रेडिओ लगेच बंद करायचा नाही. छतावर हात ठेवून उभा राहायचा. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायचा आणि आत जायचा. स्विच बिघडला की असं होतं हे त्याला नक्की माहीत होतं. तरी तो उभा राहायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये मिताली क्रेगीबर्नहून दोन दिवसांसाठी आली होती. रविवारी सकाळी आठला दूध आणायला तिने आईची गाडी काढली. दत्तप्रसाद झोपला होता. चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू राहिली, आणि मोठ्या रस्त्यावरच्या राउंडअबाउटच्या गोल चौकात मधोमध बंद पडली. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा. मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून गेला. मिताली गाडी तिथेच कडेला सोडून चालत घरी आली, आणि ड्राइव्हवेमध्ये उभं राहून बापाला काय बोलली ते मला घरात ऐकू आलं. एवीतेवी ती इंग्रजीतच बोलते. त्याचा सारांश असा, की पुढच्या सोमवारपर्यंत गाडी दुरुस्त झाली नाही तर ती भंगारवाल्याला फोन करणार.

दत्तप्रसादने तिला फक्त एक विचारलं. "किती वेळा फिरवलीस चावी?"

"Four goes, Baba. Why does it matter?"

तो गाडी आणायला चालत निघाला.

भंगारात गेली की गाडीचा चौकोनी ठोकळा होणार आणि स्विचमध्ये जे काही होतं ते कायमचं गेलं. म्हणून त्याने नवीन स्विच मागवला, असं मला वाटतं. मितालीसाठी नाही, गाडीसाठीही नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट. सकाळी आठ वाजता तापमान चार. दत्तप्रसाद आमच्या दारात आला, हातात छापलेले सात-आठ कागद.

"काकू, जरा वाचायला येता का? वाकलं की चष्मा घसरतो."

चष्म्याचं कारण खोटं होतं. शाल घेऊन मी गेले. तो ड्रायव्हरच्या बाजूला गुडघे टेकून बसला, मी शेजारच्या सीटवर. रेखाची पर्स जिथे होती तिथे. मी पहिलं वाक्य वाचलं तसा तो जरा हसला.

"काकू, तुम्ही हे चर्चमध्ये वाचल्यासारखं वाचताय."

मी म्हटलं, आम्हाला नन्सनी असंच वाचायला शिकवलं, आता ह्या वयात बदलणार नाही. तो म्हणाला, नका बदलू, स्पष्ट कळतंय.

पहिली सूचना होती बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबण्याची. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिच्यातली वीज उतरेपर्यंत हात लावायचा नाही. त्याने वायर काढली आणि येऊन दाराला टेकून उभा राहिला, हात काखेत घालून. त्या दहा मिनिटांत तो आपण होऊन बोलला. किती वेळा तेल घातलं, कधी घातलं. पहिल्यांदा चावी घट्ट फिरते म्हणून. दुसऱ्यांदा इंजिन सुरू होऊन मधेच जातं म्हणून. तिसऱ्यांदा, मे महिन्यात, रेखा म्हणाली होती की आता मी ट्रेनने जाईन कामाला, तेव्हा. तिला त्याने एक युक्ती शिकवली होती, चावी सोडताना एकदम सोडायची नाही, हळूहळू परत येऊ द्यायची. तिला ती जमायची. बहुतेक वेळा जमायची.

"तेल वाईट नसतं, काकू," तो म्हणाला.

दहा मिनिटं झाली. मी वाचायला लागले. स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं आवरण, त्याचे तीन स्क्रू. "पुढे." आवरणाचे दोन भाग वेगळे करा, ओढू नका. "पुढे." तो शब्द त्याच्या तोंडून जसाच्या तसा येत होता, ज्या सुरात मी तो समोरच्या गॅरेजमधून वर्षानुवर्षं ऐकला होता. तिसऱ्या 'पुढे'ला तो थांबला. मीही थांबले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग मी पुढची ओळ वाचली.

आवरण निघालं आणि वास आला. खवट खोबरेलाचा, जुन्या फणीला येतो तसा. कुलपाच्या मागे हा स्विच असतो. चावी फिरली की हा फिरतो आणि वीज कुठे जायची ते ठरवतो. पांढऱ्या प्लास्टिकचा, अक्रोडाएवढा. दोन बारीक स्क्रू काढून, वायरींचा जोड सोडवून त्याने तो हातात घेतला. नवीन बसवायला जुना उघडायची गरज नव्हती. कागदावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने पेचकस घातला आणि झाकण उचकटलं.

आत तांब्याच्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्यावर विटकरी रंगाचा, मेणासारखा थर. त्याने बोटाने थोडा काढला, हुंगला, अंगठ्यावर चोळला. अंगठा लाल झाला.

"तेल माझं," तो म्हणाला. "हे लाल, हे कुंकू आहे."

मला क्षणभर समजलं नाही. मग आठवलं. दर दसऱ्याला रेखा गाडीची पूजा करायची. चाकांना, स्टिअरिंगला आणि चावीला हळदकुंकू. तीच चावी पुसून न पुसल्यासारखी करून भोकात जायची आणि गाडी देवळापर्यंत एक चक्कर मारून यायची. पंधरा दसरे. त्याचं तेल आणि तिचं कुंकू आत एकमेकांत कालवलं जात होतं, आणि बाहेर दोघांना पत्ता नव्हता.

मग त्याने थर पुसला आणि मला खालची पट्टी दाखवली. एक टोक स्वच्छ होतं. दुसरं जळून काळं.

"हे स्वच्छ आहे ते इंजिन सुरू करतं. हे काळं झालंय ते सुरू ठेवतं. म्हणजे चावी फिरवली की सुरू होणार, सोडली की मरणार. सुरू होणार, मरणार."

मला माहीत होतं. मी ते ऐकलं होतं.

तो अजून माझ्याकडे पाहत नव्हता. स्विच हातातच होता. "काकू, तुम्ही पाचला उठता ना? त्या दिवशी काही ऐकलंत?"

ह्या प्रश्नाची मी चौदा महिने वाट पाहत होते आणि माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती. रोज काय ऐकलं, काय पाहिलं ते मी वेळेसकट लिहिते, सातवीत असल्यापासून. त्या दिवसाच्या पानावर तीन ओळी आहेत. त्या वाचायच्या की नाही एवढंच मला ठरवायचं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याला काळी पट्टी तरी राहिली असती, आणि तिच्याशी भांडायला जागा राहिली असती. स्विच खराब होता, पण त्या दिवशी तिने इंजिन सुरू करून पाहिलंच कशावरून, चावी तर रेडिओपुरतीही फिरवलेली असेल, असं म्हणता आलं असतं.

"चार वेळा," मी म्हटलं. "पाच पंचवीस ते साडेपाच. सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची. चौथ्या वेळेनंतर काही नाही."

त्याने स्विच मुठीत धरला.

"मी चहा घेत बसले होते," मी म्हटलं. हेही सांगायलाच हवं होतं. "कोणाची तरी गाडी सुरू होत नाही, एवढंच मनात आलं. पडदासुद्धा बाजूला केला नाही. दुपारी कळलं कोणाची ते."

शेजारच्या घरातून कोणीतरी कचऱ्याचा डबा ओढत आणला आणि ठेवला.

"चार वेळा," दत्तप्रसाद म्हणाला. "म्हणजे ताकद होती तिच्यात." मग म्हणाला, "तुम्ही बाहेर आला असतात तरी काय? तुमच्याकडे गाडी कुठे होती."

"फोन होता."

मला बरं वाटेल असं काही त्याने म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि त्याने म्हटलंही नाही. त्याने जुना स्विच डॅशबोर्डवर ठेवला, नव्याचं पाकीट फाडलं, आणि कुलूप कोरड्या फडक्याने आतून पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. फडकं लाल व्हायचं थांबेपर्यंत.

"पुढे," तो म्हणाला.

मी पुढे वाचलं. माझा आवाज नेहमीसारखा राहिला नाही, पण शब्द स्पष्ट होते.

बॅटरी जोडली तेव्हा डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजल्यापासून सुरू झालं. त्याने आत बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि सुरूच राहिली. चावी काढून पाहिली, सगळं गप्प झालं. रेडिओही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. इतकं साधं काम होतं. तासाभराचं.

मी उतरायला दार उघडलं. तो म्हणाला, "बसा काकू. पट्टा लावा."

कुठे ते मी विचारलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा घड्याळात बारा वाजून सहा मिनिटं झाली होती आणि ती त्याने पाहिली. तो नेहमीपेक्षा जोरात चालवत नव्हता, हळूही नाही. रेखा चालवायची तसा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, प्रत्येक वळणाला आधीपासून सिग्नल देत. ज्या राउंडअबाउटवर मिताली अडकली होती तिथून आम्ही सरळ गेलो. रेल्वेचं फाटक उघडं होतं. दोन लाल दिवे लागले. दुसऱ्या दिव्याला त्याचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. मला वाटलं, मागच्या सीटवर कोणीतरी श्वास आवरून बसलंय. मी मागे वळून पाहिलं नाही. सत्याहत्तर वर्षांची बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मी वळले नाही.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारासमोर, जिथे फक्त पेशंट उतरवायला थांबता येतं, तिथे त्याने गाडी आणून उभी केली. घड्याळात बारा सतरा.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या 'काही मिनिटां'त अकरा बसतात की नाही, हे कोण सांगणार? स्विचने जे सांगायचं ते सांगितलं होतं, मी माझं सांगितलं होतं. आता त्यापुढचं सांगायला कोणीच नव्हतं. तो इंजिन बंद करून काचेतून सरकत्या दारांकडे पाहत राहिला. ती दोनदा उघडली आणि दोनदा मिटली.

आतून सिक्युरिटीचा माणूस बाहेर आला. मोठा, दाढीवाला, पिवळं जॅकेट. बाहेर ठेवलेल्या व्हीलचेअरला हात लावूनच त्याने वाकून विचारलं, "You right, mate? Who've we got?"

आणि उत्तराची वाट न पाहता मागचं दार उघडलं. पेशंट मागे असणार असं त्याने धरलं. रिकाम्या सीटकडे त्याने पाहिलं, मग दत्तप्रसादकडे, मग पुन्हा सीटकडे.

दत्तप्रसाद मागे वळला नाही. "उशीर झाला आम्हाला," तो म्हणाला. मराठीत, त्या माणसाला.

त्याला अर्थातच कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चर्चच्या इंग्रजीत सांगितलं की आम्ही चुकून ह्या दाराला आलो, कोणी पेशंट नाही, क्षमा करा.

"No worries," तो म्हणाला. पण दार त्याने लगेच लावलं नाही. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत तो तसाच उभा राहिला, थंड वारा आत येत राहिला, आणि कोणीतरी उतरून बाजूला झाल्याची खात्री पटावी इतका वेळ थांबून मग त्याने ते अगदी हलक्या हाताने ढकललं.

दार लागल्याचा आवाज आला तेव्हा कुठे दत्तप्रसादने गाडी सुरू केली.